कलम पाचवे : ज्याचे अन्न त्याचे कुत्रे

४ नोव्हेंबर १९३७, गुरुवार. बलिप्रतिपदा. सकाळी ६.
नव्या वहीचा मुहूर्त. डाव्या पानावर घरखर्च, उजव्या पानावर ही रोजनिशी. एका वहीत दोन कामे. कागद वाया घालवणे मला जमत नाही.
या वर्षीचे संकल्प : रोज दत्ताच्या देवळात जाणे. कोणावर रागावणे नाही. गल्लीतल्या बायकांना अडाणी म्हणणे नाही, त्या तशा असल्या तरी.

सकाळी ७.
देवळात गेले. देऊळ घरासमोरच, रस्ता ओलांडला की ओटा. ओट्याच्या ऐन मधोमध कुत्र्याची घाण. पाडव्याच्या दिवशी! पाय जेमतेम वाचला. रागावायचे नाही हा संकल्प उद्यापासून.

दुपारी १.
हे काम देशमुखांच्या शेराचे. दुसरे कोण? गल्लीत कुत्रे पाळतात फक्त देशमुख. सोनाळ्याची शेती वाट्याने लावून रंगराव देशमुख इथे राहायला आले, येताना बैलाएवढे काळे कुत्रे घेऊन आले. माणसे गावात आली, अक्कल शेतावरच राहिली.
नैवेद्य झाला. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हणून कुत्र्याला घातल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. रोज चतकोर भाकरी, गुरुवारी अख्खी दुधात कुस्करून, पौर्णिमेला वर गूळ-तूप. गेले वर्षभर एकच तांबडे कुत्रे येते. ते माझे नव्हे, देवाचे. मी कुत्री पाळत नाही. जेवून झाले की ते थेट देवळाच्या ओट्यावर जाऊन बसते. जनावराला भक्ती कळते, माणसांना कळत नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार.
ओट्यावर दोन ढीग. नुसते बोलून उपयोग नाही, प्रूफ पाहिजे. मागच्या पानांवर रजिस्टर आखले. रकाने : तारीख, जागा, ढीग, कोणाचा. पहिली नोंद केली. शेवटच्या रकान्यात ‘देशमुख’. रकाने इतके सरळ आले की कचेरीतले कारकूनही आखणार नाहीत. आमचे हे कचेरीत कारकूनच आहेत. यांना दाखवले. म्हणाले, ‘छान. आता भाजी वाढ.’

७ नोव्हेंबर, रविवार.
सत्यभामाबाई देशमुखांकडे गेले. शांतपणे, सुशिक्षित माणसासारखे सांगितले की जनावर पाळणे हौस असते, त्याची घाण उचलणे कर्तव्य असते. बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, ‘कोकिळाबाई, आमचा शेरा दिवसभर साखयीले बांधला राह्यते. सकाळी गडी त्याले नाल्यावर नेते. मंग तो देवयात येते केव्हा? साखयी घेऊन येते का?’ आणि हसल्या. वर मूठभर शेंगा माझ्या पदरात घातल्या. लाच.
मी म्हटले, विचार करा. त्या म्हणाल्या, ‘तुमी बी करा वो माय.’
साखळी पाहून आले. लांब आहे. पण देवळापर्यंत पुरणार नाही. म्हणजे रात्री सोडत असणार.

९ नोव्हेंबर, मंगळवार.
ढीग एक. झुंबरबाई रस्ता झाडायला आली. म्युनिसिपल कमिटीची झाडूवाली, रोज येते, रस्ता आरशासारखा करून जाते, पण ओट्याकडे पाहत नाही. विचारले काऊन. म्हणाली, ‘बाई, ओट्यावर मी पाय ठेवला त मोतीराम गुरव देऊय धुवाले लावते. रस्ता माह्या, ओटा तुमचा. तुमी लोकं खाली लोटून द्या, मंग खालचं मी उचलतो.’
मोतीराम गुरवाला विचारले. तो म्हणाला, देवाच्या पूजेचे हात आहेत, या कामाला कसे लावू? बरोबर आहे.
म्हणजे ज्याला वर चढता येते तो उचलत नाही, आणि जी उचलते तिला वर चढता येत नाही. अशा गल्लीत मी मॅट्रिक होऊन आले आहे.
राख टाकून झाकले. उचलले नाही. ज्याचे त्याने उचलावे.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार.
ढीग दोन. मागच्या शुक्रवारीही दोनच. प्रत्येक शुक्रवारी देशमुखांच्या कुत्र्याचे पोट का सुटावे? तपास केला. गुरुवारी त्यांच्याकडे मांसाचा तुकडाही शिजत नाही. म्हणजे ढोंग. चोरून शिजत असणार.
काल तांबडे कुत्रे दूध-भाकरी ताटलीसकट चाटून गेले. ताटली जर्मन धातूची, जुनी, चेपलेली. माणसांच्या उपयोगाची नाही म्हणून त्याच्यासाठी ठेवली आहे. त्याच्यासाठी म्हणजे नैवेद्यासाठी.

१५ नोव्हेंबर, सोमवार.
काल कार्तिकी एकादशी. आम्हा दोघांचा उपास, चूल नाही, म्हणून तांबड्याचाही उपास. आज ओटा स्वच्छ! ढीग शून्य. एकादशीचा धाक कुत्र्याच्या मालकालाही वाटतो तर. माझ्या रविवारच्या भेटीचा परिणाम आठ दिवसांनी दिसला. जाड डोक्यात शिरायला वेळ लागतो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार.
थंडी फार. ओसरीत जुने पोते अंथरले, पाय पुसायला. तांबडे कुत्रे त्यावर झोपते. मी झोपवलेले नाही.
हे म्हणाले, ‘पोतं दुहेरी केलंस?’ म्हटले, पाय नीट पुसले जातात.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार.
काल त्रिपुरी पौर्णिमा, गूळ-तूप-भाकरी. आज ओट्यावर चार. चार! दिव्यांच्या पणत्यांमध्ये. एक पणती तर त्यातच. आता सहन करायचे नाही. कमिटीत पिटिशन. पिटिशन लिहिणारी या गल्लीत मी एकटी. बाकीच्यांचे शिक्षण अंगठ्यावर सुरू होऊन अंगठ्यावरच संपते.

२० नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.
पिटिशन तयार. सात कलमे. सत्यभामाबाई ‘कुत्रं बांधलेलं आहे, घाण आमची नाही’ म्हणून सुटू नयेत, यासाठी पाचवे कलम खास विचार करून घातले. इथे उतरून ठेवते :
‘कुत्र्यास पट्टा असो वा नसो, मालकाने मालकी कबूल करो वा न करो, ज्या घरचे अन्न कुत्रे नित्य खाते तेच घर त्याचे मालक समजावे, व त्याची सार्वजनिक जागेतील घाण त्या घराने स्वहस्ते उचलावी, नोकराकडून नव्हे.’
‘स्वहस्ते’ हा शब्द सत्यभामाबाईंच्या हातातल्या पाटल्यांसाठी.
यांना वाचून दाखवले. यांनी पंचा हातात घेतला. मग म्हणाले, ‘पाचवं परत वाच.’ परत वाचले. म्हणाले, ‘खरंच हेच पाठवणार?’ आनंदाने त्यांचा आवाज कापत होता. तोंडावर पंचा धरून परसात गेले. लग्नाला नऊ वर्षे झाली, आज प्रथमच बायकोची किंमत कळली.

२२ नोव्हेंबर, सोमवार.
सह्यांसाठी फिरले. वाटले होते कोणी देणार नाही. सगळ्यांनी दिल्या! सगळ्यांत आधी सत्यभामाबाई. पाचवे कलम मोठ्याने वाचायला लावले, गडीमाणसांना बोलावून ऐकवले, आणि म्हणाल्या, ‘आन वो माय, कुठं करू? दोन डाव आंगठा लावू का?’ मोतीराम गुरवाने देवाला नमस्कार करून सही केली. झुंबरबाईने पिटिशन ऐकले, माझ्या ओसरीकडे पाहिले, आणि म्हणाली, ‘बाई, तुमी फार शिकल्या.’ तिचे मत कोणी विचारले नव्हते, तरी समाधान वाटले.
लेखणीचा प्रभाव. माणसे स्वतःच्या विरुद्ध सही करतात.

२४ नोव्हेंबर, बुधवार.
उद्या शेगाव. पिटिशन यशस्वी व्हावे म्हणून महाराजांच्या समाधीला नारळ. मी तीन दिवस नाही, तेव्हा रजिस्टर यांच्याकडे. नीट समजावले : सूर्योदयाला मोजायचे, अंदाजे लिहायचे नाही. हे जेवायला त्यांच्या भावाकडे जातील. नैवेद्याचे दत्तगुरूंना सांगून ठेवले आहे, की तीन दिवस माफी असावी.

२७ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.
परत आले. दर्शन उत्तम. गाडीत गर्दी, एक बाई माझ्या पिशवीवर बसली, तिलाही म्हटले, पाळा पण जबाबदारीने. तिच्या मांडीवर मांजर होते.
रजिस्टर पाहिले. यांच्या अक्षरात : २६ नोव्हेंबर, शून्य. २७ नोव्हेंबर, शून्य. म्हणजे सही केल्यावर देशमुख घाबरले. पिटिशन अजून कमिटीत वाचलेही नाही आणि ओटा स्वच्छ.
तांबडे कुत्रे दारातच बसले होते, पोट खपाटीला गेलेले. मला पाहून इतके नाचले की चप्पल पायातून निघाली. तीन दिवसांची भाकरी एकदम घातली. त्याच्यासाठी नव्हे, देवाची बाकी होती.

२८ नोव्हेंबर, रविवार.
ढीग तीन. देशमुखांचे पश्चात्तापाचे दिवस संपले.

१ डिसेंबर, बुधवार.
दवंडी! डफाच्या आवाजाने ओसरीत धावले. कमिटीने पिटिशन मंजूर केले, पाचवे कलम शब्दशः घेतले. शिवाय आणखी एक, जे मी लिहिले नव्हते : प्रत्येक कुत्र्याला कमिटीचा पितळी बिल्ला, मालकाच्या नावाने. सतरा तारखेला दत्तजयंती, तिच्या आत गल्लोगल्ली तपासणी. बिल्ला नसेल ते कुत्रे बेवारस समजून मारण्यात येईल.
मारण्याचे मी म्हटले नव्हते. पण बेवारस कुत्र्यांचे तसे होतच असते. आपल्याला काय.
रंगरावांनी दुपारीच शेराचा बिल्ला आणला. उन्हात चमकतो. दिखाऊपणा.

३ डिसेंबर, शुक्रवार.
कमिटीचे जमादार किसनराव रस्त्यात भेटले. सहज विचारले, देवाच्या कुत्र्याला बिल्ला लागतो का? म्हणाले, ‘कोन्या देवाचा?’ म्हटले, दत्ताचा. म्हणाले, ‘दत्ताचे चार हायेत बाई, हा पाचवा कुठून आला?’ अशा माणसांना जमादार करतात.
पुढच्या गुरुवारी दुपारी ते इन्स्पेक्शनला येणार आहेत. माझे रजिस्टर त्यांना दाखवायचे आहे. जाड पुठ्ठा घातला.

८ डिसेंबर, बुधवार.
उद्याची तयारी. किसनरावांना ओट्यावर खुर्ची. माझे भाषण तीन मिनिटांचे. देशमुखांना उद्या स्वहस्ते उचलावे लागेल. सगळी गल्ली जमवली आहे.
एक अडचण. उद्या गुरुवार, तांबड्याची वेळ नेमकी बाराची. गैरसमज नको. देवाचा नैवेद्य किसनराव गेल्यावर दाखवायचा. दत्तगुरू तासभर थांबतील. ते समजूतदार आहेत.

९ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ४.
लिहावेसे वाटत नाही. पण नियम तो नियम.
किसनराव बाराला आले. भाषण चांगले झाले. मग त्यांनी रजिस्टर मागितले. वाटले, आता देशमुख संपले. ते बोट ठेवून वाचत गेले, मोठ्याने, सगळ्यांसमोर. ‘शुक्रवारी दोन. शुक्रवारी दोन. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी चार. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी शून्य. हे सव्वीस-सत्तावीस शून्य काऊन?’ मी म्हटले, मी शेगावला होते. तेव्हा कोणी तरी हसले. ‘आणि परत आल्या तं तीन?’ मी म्हटले, तारखांचा संबंध नाही, शेवटचा रकाना पाहा.
तितक्यात तांबडे कुत्रे आमच्या ओसरीतल्या पोत्यावरून उठले. बारा वाजून गेले होते. दार बंद. त्याने पंजा मारला, थांबले, मग कोपऱ्यातली जर्मनची ताटली दातात धरली, रस्ता ओलांडला, ओट्यावर चढले आणि ती माझ्या पायाशी ठेवली. सगळ्या गल्लीदेखत. बसले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले.
किसनराव म्हणाले, ‘बाई, कलम पाचवं तुमीच लिहिलं ना?’
सत्यभामाबाई एवढ्या हसल्या की गड्याने त्यांना धरले. त्या बाईला तमाशा कशाला म्हणतात तेच कळत नाही.
मी स्पष्ट सांगितले : हे कुत्रे माझे नाही. किसनराव म्हणाले, मग बेवारस लिहून घेतो. म्हटले, घ्या. त्यांनी लिहिले. ताटली मी तिथेच सोडून आले.

१० डिसेंबर, शुक्रवार.
संकल्प : आजपासून कुत्र्याला अन्न नाही. कलमाप्रमाणे मग ते माझे राहत नाही. कायद्याचा अभ्यास असला की मार्ग सापडतो. दत्ताचा नैवेद्य गाईला.
ढीग एक. काल ताटली कोणी भरली, कळले नाही. कोणाचा : रकाना रिकामा.

१२ डिसेंबर, रविवार.
दार बंद ठेवते. ते पोत्यावरच बसते. ओरडत नाही, नुसते दाराकडे पाहते. पोते काढून टाकणार होते, पण पाय पुसायचे कुठे?
आज यांच्या पानात भाकरी मोजून वाढली, अर्धी कमी निघाली. खिशाला भुगा. विचारले. म्हणाले, ‘माझं अन्न माझ्या खिशात.’ या घरात कायद्याचा मान कोणालाच नाही.

१४ डिसेंबर, मंगळवार.
खालच्या गल्लीत कमिटीची माणसे येऊन गेली. झुंबरबाई सांगत होती. पिठाच्या गोळीत औषध घालून देतात. दोन गेली. एकीला पिलेही होती. झुंबरबाईने गाडीत भरली. म्हणाली, ‘तेवढं आमालेच उचलाले लावते, बाई. तिथं कोनी नाही म्हनत का चढू नको.’ ती पुढे म्हणाली, ‘परवा तुमच्या गल्लीत येनार.’
सकाळपासून तांबडे पोत्यावर नव्हते. चांगले झाले. त्रास गेला.
११ वाजता नव्हते.
१२ वाजता नव्हते.
१२.२०. मोतीराम गुरवाला विचारले, सहज. नाही म्हणाला.
१. भाजी करपली.
१.४०. आले. कानाला काटा लागला होता. सहज काढला. काढताना हात चाटला, तो धुतला. भाकरी जास्तीची झाली होती, टाकायची कशी, म्हणून दिली. दोन दिल्या.

१५ डिसेंबर, बुधवार.
कमिटीत गेले. यात हार नाही. सुशिक्षित बाईने अनाथ जीवाची जबाबदारी घेतली असे त्याकडे पाहावे.
फॉर्म भरला. मालकाचे नाव : श्रीगुरुदेव दत्त. किसनरावांनी वाचले, वर पाहिले, म्हणाले, ‘देवाले बोलवा बाई. सही लागते. नाहीतर आंगठा.’ सगळे ऑफिस हसले. खोडले. माझे नाव घातले. पूर्ण नाव, सौ. कोकिळा भगवंतराव, मॅट्रिक. मॅट्रिकला रकाना नव्हता, बाजूला लिहिले.
कुत्र्याचे नाव : लिहिले, नाही. किसनराव म्हणाले, ‘नाव नसलं तं बिल्ला नाही. हाक तं मारत असान काही?’ म्हटले, मुळीच नाही. म्हणाले, ‘मारून पाहा.’
फार हळू म्हटले, तांबू.
ते घरापासून मागे मागे आले होते, मला माहीत नव्हते. फाटकातून धावत आत, टेबलाखालून, थेट माझ्या पदरात.
किसनरावांनी नाव लिहिले. बिल्ला नंबर ३१. शेराचा १. म्हणजे आमचा नंबर मोठा.

१६ डिसेंबर, गुरुवार.
तांबूच्या गळ्यात बिल्ला, माझ्या जुन्या लुगड्याच्या काठात ओवून. काठ जरीचा. देशमुखांच्या शेराला नुसता चामडी पट्टा आहे. दूध-भाकरी. उद्या दत्तजयंती, म्हणून थोडे तूप. कमिटीची माणसे दुपारी गल्लीतून गेली, पोत्याकडे पाहिले, बिल्ला पाहिला, निघून गेली.
संकल्प : तांबूला शिकवायचे. शिकवल्यास जनावर शिकते. उद्यापासून ओटा कायमचा स्वच्छ.

१७ डिसेंबर, शुक्रवार. दत्तजयंती. सकाळी ८.
गल्ली पहाटेपासून देवळात. रांगोळी, केळीचे खांब, पंचक्रोशीतली माणसे.
खांबाच्या बुडाशी दोन.
सगळ्यांनी फक्त वाट मोकळी केली, देवळापासून माझ्या दारापर्यंत सरळ. किसनराव दर्शनाला आले होते, हात जोडून उभे. मोतीराम गुरव शंख हातात घेऊन थांबला. सत्यभामाबाईंनी सुपात राख आणली. म्हणाल्या, ‘घ्या वो माय, आमच्या चुलीची हाये. इले लायसेन लागत नाही.’ झुंबरबाई खाली रस्त्यावर टोपली घेऊन उभी. म्हणाली, ‘लोटा बाई खाली. खालचं माह्यं.’
खाली लोटले नाही. कलमात स्वहस्ते म्हटले आहे. टोपली झुंबरबाईच्या हातातून मागून घेतली, तिनेच नाही नाही म्हणत दिली. राख टाकली, खोऱ्याने उचलले, नाल्यापर्यंत नेले, टोपली धुऊन परत केली. तांबू शेपटी हलवत सोबत होता, काही केल्यासारखे तोंडावर काहीच नाही. मागे शंख वाजला. मी परत येईपर्यंत आरती संपली होती.
हे ओट्यावर पाणी ओतत होते.
आंघोळ दोनदा. प्रसाद सत्यभामाबाईंनी घरी पाठवला, दोन वाटे. दुसरा चेपलेल्या जर्मनच्या ताटलीत.

रजिस्टर. तारीख : १७ डिसेंबर. जागा : ओटा. ढीग : दोन. कोणाचा : माझा.